दाराजवळची खुर्ची

“पेन्सिल है ना, भाऊराव जी?” कार्यालयाचे प्रमुख सक्सेनासाहेबांनी बसता बसता विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टेबलावरून एक पेन्सिल त्यांच्याकडे सरकवली.

भाऊरावांनी ती उचलली. नगर समितीच्या मुलाखतींत गुण पेन्सिलीनंच द्यायचे, हा जुना रिवाज. मुलाखती आटोपल्या की कागद साहेबांच्या केबिनमध्ये जायचे, तिथे खोडरबर फिरायचं, आणि परत यायचे तेव्हा आकडे शाईचे असायचे. मग सगळ्यांनी सह्या ठोकून समोसे खायचे. साखरपुडा उरकल्यावर मुलगी बघायला जावं, तसला प्रकार.

निवड समितीत मागासवर्गीयांपैकी एक जण हवाच, असा नियम होता. कार्यालयाचे अधीक्षक भाऊराव मेश्राम वर्षानुवर्षं ती जागा भरत आले होते. खुर्ची ठरलेली, दाराजवळची. प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही, त्यांना कोणी विचारायला सांगितलंही नाही. वडील वर्ध्याहून सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आले तेव्हापासून घरात एकच शिकवण होती: ही खुर्ची आपल्याला कोणी दान दिलेली नाही, तिच्यासाठी माणसं आयुष्यभर भांडली आहेत. शिकवण भाऊरावांना तोंडपाठ होती. पण पाठ असणं वेगळं आणि खुर्चीत बसणं वेगळं.

शिवाय त्यांचे हात तरी कुठे कोरडे होते? सून लुंबिनी याच कार्यालयात कंत्राटावर कॉम्प्युटरवर बसायची. जागा निघाली तेव्हा भाऊरावांनीच साहेबांपाशी शब्द टाकला होता. कंत्राट दर वर्षी नवं व्हायचं, तेही साहेबांच्याच मर्जीनं. मुलगा प्रफुल्ल गुडगावच्या कंपनीनं कमी केल्यापासून घरी होता, आणि मयूर विहारचं घर आता लुंबिनीच्या नोकरीवर टेकलेलं होतं, कारण भाऊरावांची निवृत्ती तोंडावर आलेली. अशा माणसानं पेन्सिलीला नावं ठेवू नयेत, हे त्यांना पक्कं कळत होतं.

तरी त्या दिवशी सकाळपासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जागा स्वच्छता निरीक्षकाची, एकच. नगर समितीच्या अध्यक्षांचा भाचा उमेदवार होता, म्हणजे जागा भरल्यातच जमा. पण आत येताना कॉरिडॉरमध्ये एका बाईनं त्यांना गाठलं होतं. अलकनंदा रावत. कित्येक वर्षं कंत्राटावर घरोघरी फिरून कूलर उघडून डासांच्या अळ्या शोधणारी.

“सर, सच बता दीजिए। पहले से तय है क्या? बच्ची को बुखार में छोड़ के आई हूँ। तय हो तो लौट जाऊँ।”

भाऊराव चटकन बोलून गेले, “अरे नहीं बेटा। मैं खुद बैठा हूँ ना अंदर।”

हे का म्हटलं, देव जाणे. मोठेपणाची हौस असेल. पण बाई हसली, साडीचा पदर सारखा केला आणि बाकावर बसून राहिली.

भाचा आत आला तो सक्सेनासाहेबांच्या पाया पडूनच. डेंग्यूबद्दल विचारलं तर म्हणाला, “मच्छर तो सर, सफ़ाई से भागते हैं।” त्यानं मोठा विनोद केल्यासारखे सगळे हसले. अलकनंदा आली तेव्हा साहेब मोबाइलवर होते. ती मात्र सांगत राहिली: कोणत्या गल्लीत पाणी कुठे साचतं, लोक कूलरला हात लावू देत नाहीत तेव्हा काय बोलायचं, छतावरच्या टाकीचं झाकण कोण बसवत नाही. ऐकणारे एकटे भाऊराव होते. जाताना तिनं नमस्कार केला तो दाराजवळच्या खुर्चीला.

भाऊरावांनी पेन्सिल खाली ठेवली. खिशातलं पेन काढलं. भाच्याला द्यायचे ते गुण दिले, अलकनंदाला द्यायचे ते दिले आणि खाली स्वच्छ अक्षरात सही केली. शाईनं.

सक्सेनासाहेबांनी कागद पाहिला. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, “ये क्या कर दिया आपने? रिटायरमेंट के टाइम पे?” मग कागद खाली ठेवून म्हणाले, “बहू ठीक है ना आपकी?”

समोसे आले, पण भाऊरावांपुढे बशी कोणी सरकवली नाही.

संध्याकाळी मेट्रोतून उतरून घराकडे चालताना त्यांनी लुंबिनीला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मदर डेअरीच्या बूथपाशी दुधाची पिशवी घेतली, ती थैलीत टाकली आणि मगच बोलली.

“बाबा, तुम्ही केलं ते बरोबरच केलं. पण मला आधी विचारायचं ना.”

“तिथे बसल्या बसल्या सुचलं ग. कसं विचारणार?”

“फोन होता ना. चलो, नाही सुचलं. पण नोकरी माझी जाणार आहे.”

“लागली माझ्याच शब्दावर होती ना ती?” भाऊराव पुटपुटले आणि लगेच त्यांना वाटलं, जीभ झडावी.

लुंबिनी थांबली. “शब्द तुमचा, बिल्कुल. पण रोज आठ तास खुर्चीवर मीच बसते ना, बाबा? मी हो म्हटलं असतं कदाचित. पण विचारायला तर हवं होतं.”

आपण एकदाच ताठ उभे राहिलो तेही सुनेच्या पायावर, ही गोष्ट भाऊरावांना त्या बूथपाशी कळली आणि फार लागली.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. मुलाखती तांत्रिक कारणानं रद्द. महिनाअखेरीला लुंबिनीचं कंत्राट संपलं, ते नवं झालं नाही. आणि फेरमुलाखतींसाठी समितीवर भाऊरावांच्या जागी हिशेब शाखेतला धम्मपाल आला. पोरगा मराठवाड्याचा, आपल्यातलाच. त्याला नोकरीत रुळवलं भाऊरावांनी, लग्नाला मुलगी सुचवली तीही त्यांनीच.

फेरमुलाखतीच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये अलकनंदा पुन्हा बाकावर होती.

“सर, आज आप नहीं बैठे?”

“नहीं।” भाऊरावांनी या वेळी तिच्या डोळ्यांत बघितलं. “तय है, बेटा। घर जाइए।”

तिनं पर्समधून रुमाल काढून तोंड पुसलं. “अब आ ही गई हूँ सर, तो बोल के जाऊँगी।” आणि ती तशीच बसून राहिली.

जेवणाच्या सुट्टीत भाऊराव मागच्या खोलीत डबा घेऊन बसले. लुंबिनी आणि ते इथेच एका डब्यात जेवायचे, रोज. झाकण उघडलं आणि त्यांचा हात थांबला. पोळ्या नेहमीएवढ्याच होत्या. वांग्याची भाजीही दोघांना पुरेल एवढी. लुंबिनीनं रागावून दिली असेल की सवयीनं, कोणास ठाऊक. सवयीनंच असावी, कारण लोणच्याच्या दोन फोडी वेगवेगळ्या बांधल्या होत्या आणि त्यातली एक तिला आवडते तशी, गोड.

दारात धम्मपाल उभा होता. मुलाखती संपल्या होत्या. आत यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

“दादा,” तो म्हणाला, “मी काय करू शकत होतो? बायकोचे दिवस भरलेत. मला तर...”

“जेवलास?”

“नाही. समोसे होते. नाही खाल्ले गेले.”

भाऊरावांनी समोरची खुर्ची पायानं पुढे ढकलली. लुंबिनीची खुर्ची. “बस.”

धम्मपाल बसला. बसताना खिशातली पेन्सिल टोचली म्हणून त्यानं ती काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघणं टाळलं. भाऊरावांनी डब्याच्या झाकणात भाजी वाढली, वर दोन पोळ्या ठेवल्या. गोड लोणच्याची फोड क्षणभर हातात धरली, मग तीही त्याच्या वाट्याला घातली.

झाकण ठेवायला जागा हवी होती. त्यांनी पेन्सिल थोडी बाजूला सारली.

“खा,” ते म्हणाले. “दोघांचं आहे.”