घोरपड दोन पायांमधून गेली तेव्हा

ओझोदाचं दुकान माझ्या सामशाच्या, म्हणजे मांस भरून भाजलेल्या समोशाच्या, भट्टीसमोर आहे. तिचा नवरा कमाईला रशियात गेला आणि तिकडेच दुसरी चूल मांडून बसला. तेव्हा तिने त्याची मोटारसायकल विकली आणि रिकाम्या गॅरेजमध्ये पिंजरे लावले. आधी पक्षी ठेवले, मग मासे, मग वाळवंटातली कासवं. आमच्या नुरोता गावातली पोरं वसंतात कासवं न्यायची आणि अंगणात कोबीची पानं खाऊ घालायची. हिवाळ्यापर्यंत त्यातली बरीचशी मरायची. त्यावरून भांडणारी एकच होती, शरोफतओपा, म्हणजे शरोफतताई, शाळेतून निवृत्त झालेली जीवशास्त्राची बाई. सरपटणारे जीव दुकानात विकायची वस्तू नव्हेत, असं ती येऊन येऊन सांगायची. ओझोदा तिला चहा पाजायची, मान डोलवायची आणि ओपा कोपऱ्यावर वळायच्या आत एखादं कासव विकायची.

मग ओझोदाच्या मेंढपाळ मामेभावाने किझिलकुमच्या वाळवंटातून एक घोरपड आणली, चांगली हात-दीड हात लांब.

आता आमच्याकडे प्रत्येक पुरुष आईच्या दुधाबरोबर एक गोष्ट पितो. घोरपड दोन पायांमधून पळाली की तो गडी संपला. दिसायला तसाच राहतो, पुलाव खातो, नमाज पढतो, पण बायकोच्या उपयोगाचा उरत नाही. त्यामुळे घोरपड आल्याचं कळताच रस्त्याच्या त्या बाजूने पुरुषांची ये-जा थांबली. माझे सामसे खपेनात.

सगळ्यात जास्त धास्ती घेतली हमदमअकांनी, म्हणजे हमदमदादांनी. ते मोहल्ल्याचे प्रमुख. साठी जवळ आलेली, आणि दुसरी बायको मुकद्दस पस्तिशीची. दुकानात प्राणी विकण्यावर बंदी आणायला त्यांनी सभा बोलावली. खरं कारण चारचौघांत सांगता येईना, म्हणून ते शरोफतओपाकडे गेले आणि मुक्या जिवांचे हाल कसे होतात हे तिच्याकडून घोकून आले. ओपा हरखली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या बाजूने कुणीतरी उभं राहत होतं.

सभा दुकानासमोरच भरली. पुरुष चहा प्यायच्या लाकडी बाजांवर पाय वर घेऊन बसले होते. हमदमअका मात्र पुढाऱ्यासारखे मधोमध, पाय फाकवून उभे. जिवंत प्राणी काचेत कोंडणं पाप आहे, असं ते म्हणाले आणि पुरावा म्हणून पेटी बाहेर आणायला लावली. ओझोदा पेटी घेऊन आली. झाकण सैल होतं. घोरपड उसळून बाहेर पडली, भांबावून गोल फिरली आणि परत दुकानाच्या अंधाराकडे सुटली. वाटेत हमदमअका होते. ती बरोबर मधून गेली.

बाजांवरच्या पुरुषांनी पाय आणखी वर घेतले.

ओझोदाने आत जाऊन तिच्यावर पोतं टाकलं. सभा कुठलाही ठराव न करता उठली.

पुढच्या आठवड्यात हमदमअकांची रया गेली. घोरपडीने काही केलं नसेल, पण धसक्याने सगळं केलं. मुकद्दस एका मैत्रिणीजवळ रडली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. त्यातून भलतंच झालं. दुकानाच्या मागच्या दाराने बायका यायला लागल्या. ओढणी नाकापर्यंत ओढून त्या हळूच विचारायच्या, विकत नको, दोन दिवस मिळेल का. कुणाला सहा पोरं होती, कुणाचा नवरा रशियाहून सुट्टीवर येणार होता. ओझोदाने घोरपड भाड्याने दिली. एकीने ती परत आणली आणि कुरकुरली की नवरा पलंगावरून खालीच उतरला नाही, मग उपयोग काय.

पण या फेऱ्यांत घोरपड पार गळाली. काचेवर घासून तिचं नाक सोललं होतं, शेपटीला जखम होती. खायला दिलेली अंडी तशीच पडून राहायची. ओझोदा तिच्याकडे बघायचं टाळायला लागली, हे मी भट्टीवरून बघत होते.

एका दुपारी मुकद्दस आली. आता झिंज्या उपटणार म्हणून मी सामसे सोडून धावले. पण ती शांतपणे म्हणाली, "ओझोदा, यांचं म्हणणं आहे की ती उलट दिशेने परत गेली तर सगळं जाग्यावर येईल. एवढं कर माझ्यासाठी."

शरोफतओपा तिथेच बसली होती. तिने पेटीत डोकावून पाहिलं. "ही आता कुठल्याच दिशेला जाणार नाही," ती म्हणाली. "अंग थंड पडलंय. पळायची असेल तर आपल्या वाळूतच पळेल."

म्हणून चौघंजण हमदमअकांच्या जुन्या गाडीतून किझिलकुमकडे निघाले. पुढचं मला ओझोदाने सांगितलं. अका वाळूत पाय फाकवून, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत उभे राहिले. मागे बायकांनी पोतं उघडलं. घोरपड चिंधीसारखी पडून राहिली. बराच वेळ काही झालं नाही. अकांनी दोनदा विचारलं, गेली का. मग ऊन तिच्या अंगात उतरलं. तिने मान उचलली, जीभ बाहेर काढून वारा चाखला आणि अकांकडे ढुंकूनही न बघता डावीकडे सुसाट गेली. वाळूवर नुसती एक रेघ उरली. ओझोदा म्हणाली, माझ्याकडे होती तेव्हा ती अशी पळू शकते हे मला माहीतच नव्हतं.

"गेली," मुकद्दस नवऱ्याच्या पाठीमागून म्हणाली. "बरोबर मधून गेली."

अकांनी डोळे उघडले. बायकोवर त्यांचा भरवसा नव्हता. "ओपा, तुम्ही शाळेत शिकवलंय. खोटं बोलायच्या नाही तुम्ही. पाहिलंत?"

शरोफतओपाने त्या रेघेकडे पाहिलं. ती पार बाजूने गेली होती. मग तिने मुकद्दसकडे पाहिलं.

"पाहिलं," ती म्हणाली.

हमदमअका परतताना गाडीत गात होते. दुसऱ्या दिवशी ते ताठ मानेने माझ्याकडून सामसे घेऊन गेले. मुकद्दसही हसायला लागली. बंदीचं मात्र त्यांनी नाव काढलं नाही. ओपा आठवण करून द्यायला गेली, तर म्हणाले, बिचारी बाई एकटी कमावते, विकू द्या की काय विकायचं ते. ओपा तणतणत आली आणि माझ्या भट्टीशी बसून त्यांना नावं ठेवत राहिली. आपण कशाला खोटं बोललो, असंही म्हणाली. पण ते तितक्या जोरात नाही.

वसंतात मामेभाऊ कासवांचं पोतं घेऊन आला. ओझोदाने ते उघडूही दिलं नाही. त्याला जेवू घातलं आणि पोत्यासकट परत धाडलं. पोरं विचारायला आली की ती सांगते, कासवांचा वास फार येतो. इतकी वर्षं आम्हाला कुणाला तो आला नव्हता, पण आम्ही हो म्हणतो.