पहूरच्या वेफर्सवरचा काळा डाग

पहूरच्या तोतारामआबांच्या केळी-वेफर्सच्या कारखान्यात त्या एकादशीला पाय ठेवायला जागा नव्हती. तळणाऱ्या बाया, केळी उतरवणारे हमाल, शेजारचे दुकानदार, सगळे माना उंचावून बघत होते. मधोमध शुद्धीगुरू. अंगात कोट, गळ्यात माळ, हातात तपकिरी पाण्याची बाटली.

आबांना दुबईचा व्यापारी मिळाला होता. त्याला हलालचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि हा गडी ते तासाभरात द्यायला आला होता. त्याच्या पिशवीत हिरवे 'हलाल' स्टिकर होते आणि भगवे 'सात्त्विक'ही. गिऱ्हाईक बघून हात घालायचा.

"ही लॅब ब्रह्मांडाची आहे! वस्तू खोटं बोलेल, थेंब बोलणार नाही!"

थेंब पडला. पिवळाधमक वेफर शाईसारखा काळा झाला.

"बठ्ठं काळं व्हयी गयं वं माय!" तळणारी शेवंताबाई किंचाळली.

"कुणी तळलं हे?" गुरूने विचारलं.

नजरा संघमित्राकडे वळल्या. बारा वर्षं ती त्या कढईवर उभी होती.

"आडनाव?"

"सुरवाडे."

"बास! मांस खाणारा हात लागलाय."

मग त्याने शेवंताबाईचे हात दुसऱ्या बाटलीतल्या 'तीर्था'ने धुतले, एक वेफर त्याच तीर्थात बुडवून तिच्या तळहातावर ठेवला. थेंब टाकला. काळं झालं नाही. टाळ्या!

आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "संघमित्रा, उद्यापासून येऊ नको. ऑर्डर मोठी आहे, समजून घे."

तिला त्या भोंदूची चीड आलीच. पण जास्त आली त्या टाळ्यांची. तिच्या हातचं बारा वर्षं खाल्लेली माणसं होती ती.

संघमित्रा रडली नाही. "आबा, हलाल मानणाऱ्या घरांत मटण शिजतंच की. आणि हा म्हणतो, मांस खाणारा हात काढा! याला स्वतःच्या धंद्याचं तरी काही कळतं का?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"गुरूचा अपमान! जीभ झडेल!"

"झडू दे. बाटली इकडे दे."

तिने ती हिसकावलीच. आबांचा डबा उघडा होता. उपासाच्या खिचडीवर थेंब टाकला. साबुदाणा काळाठिक्कर.

"हिला कुणाचा हात लागला, आबा? घरी काकूंचाच ना?"

आबांनी स्वतः कापून आणलेल्या घडातलं कच्चं केळं तिने चिरलं. काळं. कोपऱ्यातलं ठिपके पडलेलं पिकं केळं सोललं. थेंब तपकिरीच राहिला.

"एकाच बागेतलं केळं. कच्चं असताना पापी, पिकल्यावर पुण्यवान?"

केळीत जन्म गेलेली माणसं ती. भटू हमाल पुढे आला. "पिकलं की गोड व्हस, तेच का वं ताई?"

"तेच, भटूभाऊ. कच्च्या केळात स्टार्च असतो, पिकताना त्याची साखर होते. बाटलीत आयोडीन आहे, दवाखान्यात जखमेला लावतात ते. स्टार्चला लागलं की काळं. आठवीच्या पुस्तकात होतं."

"अन् तीर्थ?"

तिने खिचडीवर लिंबू पिळून कालवलं. काळेपणा विरत गेला. "लिंबात व्हिटॅमिन सी असतं, ते आयोडीनचा रंग घालवतं. त्याच्या गोळ्या पाण्यात विरघळवल्या, झालं तीर्थ. वेफर आधी त्यात बुडवला, मग काळा कसा होईल?"

शुद्धीगुरू दाराकडे सरकला. भटू आडवा उभा. "दोन घोट तीर्थ पिऊन जा ना, महाराज!"

हशा पिकला, गुरू पळाला. आबा घसा खाकरून म्हणाले, "झालं गेलं. चल, कढई बघ."

संघमित्रा जागची हलली नाही. "'येऊ नको' सगळ्यांसमोर म्हणालात ना? मग चूक झाली, हेही सगळ्यांसमोर बोला."

मग आबा म्हणाले, "चुकलो पोरी. मीच चुकलो."

तेव्हा तिने मसाल्याचं पोतं ओढून पुढे आणलं. "इथे ६३१ छापलंय. या नंबरचा चवीचा पदार्थ मासे-मांसापासूनही बनतो, हलालला न चालणाऱ्या डुकराच्याही, कंदाच्या पिठापासूनही. आपला कशापासूनचा? मसालेवाल्याकडून लेखी मागा. तेलाचंही मागा. हलालची तपासणी इथून सुरू होते."

तसली पोती तीन वर्षं तिथे येत होती. त्यांच्यावरचं कोणी वाचलं नव्हतं. बाईचं आडनाव मात्र सगळ्यांनी एका क्षणात वाचलं.

तुमच्या गावात कुणी थेंब घेऊन आला, तर तो थेंब आणखी चार वस्तूंवर टाकायला लावा. पोत्यावरचं वाचा, कागद मागा, प्रश्न विचारा. मसाल्यात काय आहे, ते तळणाऱ्या बाईची जात विचारून कधीच कळणार नाही.