शेजारचा सोफा

घर बघायला सरकारी माणूस येणार हे कळलं आणि आईच्या अंगात आलं.

मला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण फी भरायची ऐपत नव्हती. गरजू मुलांना कमी व्याजाने मिळणारं सरकारी कर्ज, एवढाच काय तो आधार. ते देण्याआधी तपासनीस घरी येऊन परिस्थिती बघतो. आणि आमच्या मातोश्री नेमकी तीच झाकायला निघाल्या!

शेजारच्या काकूंचा सोफा आला. मागोमाग त्यांचे कप, त्यांचं घड्याळ. आई शिवणकाम करते. उरलेल्या तुकड्यांचे तिने झकास पडदे शिवले.

"आई, तो आपली गरज बघायला येतोय, जेवायला नाही!"

"असू दे. घरी आलेला माणूस काय म्हणेल?"

तपासनीस सोफ्यावर ऐसपैस बसला, चहा प्यायला, बिस्किटंही संपवून गेला. आठवड्याने कळलं, परिस्थिती चांगली, अर्ज नामंजूर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सोफा आहे की तुमच्याकडे," कर्जाच्या कचेरीत गेले तेव्हा खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"शेजारचा आहे!"

"मग तेव्हाच सांगायचं."

मी खिडकी सोडलीच नाही. शेवटी वैतागून त्यांनी पुन्हा तपासणी लावली.

घरी येऊन मी सोफा परत केला, पडदे ओरबाडून काढले. तपासनीस दारात दिसताच आई खुर्ची मागायला शेजारी धावली. मी आडवी आले. "एक वस्तू जरी आणलीस, तर माझं शिक्षण संपलं." चहाचं आधण ठेवलं होतं, तो गॅसही मी बंद केला.

आई मशीनपाशी मान खाली घालून उभी राहिली. त्याने उभ्याउभ्याच कपाट उघडलं, पिठाच्या डब्यात डोकावून बघितलं, आईची फाटकी चादर उचलून पाहिली. तिच्या हातच्या चहाची चव तो विसरला होता वाटतं. मला त्याचा संताप आला, आईचाही आला. गरिबाने घर उघडंनागडं करून दाखवल्याशिवाय ज्यांचा विश्वास बसत नाही, त्या सगळ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी मात्र चादरीची घडी घातली.

कर्ज मंजूर झालं. मी कागद आईच्या हातात दिला. तिने तो न वाचताच मशीनवर ठेवला.

"पाणी तरी विचारायचं होतंस गं त्याला," ती म्हणाली.