उघडी पाकिटं

माणूस जातो, पण त्याच्या वस्तू आपला मालक कधी विसरत नाहीत. निदान त्या घरात तसं मानलं जायचं, म्हणजे वन्सं तसं मानायच्या आणि बाकीचे वाद नको म्हणून गप्प बसायचे. प्रत्यक्षात थोरलीची इस्त्री, थोरलीची छत्री आणि थोरलीचं वाचनालयाचं कार्ड यांनी मालकबदल फारशी कुरकुर न करता मान्य केला होता. अडून बसला होता तो फक्त एअर फ्रायर.

थोरली म्हणजे पहिली बायको. ती आजारपणात गेली, मधली काही वर्षं बापलेकींनी कशीबशी रेटली, आणि मग धाकटी आली. धाकटी इस्पितळात एक्स-रे काढायची. लोकांच्या बरगड्या पाहण्यात निम्मं आयुष्य गेल्यामुळे ती सहसा कशाला घाबरत नसे. सवतीलाही घाबरायचं काही कारण नव्हतं. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. मेलेल्या सवतीची पंचाईत अशी, की तिचा स्वभाव वर्षागणिक सुधारत जातो. धाकटी या घरात आली तोवर थोरलीनं आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, भाजी करपवली नव्हती आणि कुणाचा वाढदिवस विसरली नव्हती.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर तो गिऱ्हाइकांना "हे स्पष्ट दिसतंय, की हे?" असं विचारायचा आणि दुपारी जेवायला किंवा रात्री घरी आल्यावर स्वतःला मात्र कशाबद्दलच काही स्पष्ट दिसत नसल्यासारखा वागायचा. माणूस मायाळू. पण त्याच्याकडून मत काढणं म्हणजे अक्कलदाढ काढण्यासारखं होतं.

खरा प्रश्न मुलीचा होता. ती कॉलेजसाठी दुसऱ्या गावी वसतिगृहात निघाली होती. इतक्या दिवसांत ती धाकटीशी एकदाही उद्धट वागली नव्हती. उद्धट वागली असती तर बरं झालं असतं, निदान काही नातं आहे असं वाटलं असतं. ती धाकटीला कसलीच हाक मारत नसे. आई नाही, मावशी नाही, अहो नाही, अगं नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची, पोस्टमनसारखी. ताटात वाढलेलं खायची, पण धाकटीनं खास तिच्यासाठी म्हणून काही केलं की तिला नेमकी भूक नसायची. जाताना हिनं आपल्या हातचं काहीतरी बरोबर न्यावं, एवढीच धाकटीची इच्छा होती. नाहीतर ही पोरगी जाईल आणि आपण या घरात कायमच्या पाहुण्या राहू, हे तिला न सांगता कळत होतं.

मुलीला आवडायची ती पाकिटं. नाव घरातलंच. दुकानातून पफ पेस्ट्रीची तयार लादी आणायची, चौकोन कापायचे, मधोमध चमचाभर सफरचंदाचा मुरंबा, वर दालचिनीची चिमूट. मग समोरासमोरची दोन टोकं मध्ये आणून दुधाच्या बोटानं चिकटवायची आणि जाळीवर मांडून फ्रायरमध्ये सरकवायची. मंदबुद्धी माणसालाही जमावं इतकं सोपं. थोरलीची पाकिटं मात्र वरून उघडी असायची, म्हणे. टोकं उभी आणि मधे चकाकणारा मुरंबा.

"मी बंद करणार," धाकटी म्हणाली. "पाकीट म्हटल्यावर बंद नको?"

नवऱ्यानं यावर "हं" असं मत दिलं.

पहिल्या खेपेला तिनं टोकं नीट दाबली, बटण फिरवलं आणि सवयीप्रमाणे खोलीबाहेर गेली. मशीन सुरू केलं की बाहेर व्हायचं, हे एक्स-रेवाल्यांच्या अंगात भिनलेलं असतं. घरचं वॉशिंग मशीन लावूनही ती गॅलरीत जायची. कपडे वाळत घालून परतली, ड्रॉवर ओढला, आणि जागच्या जागी थबकली. सगळी पाकिटं उघडी होती. एकूण एक. टोकं सरळ वर उभी होती, आतून कुणीतरी बोटांनी सावकाश उघडावीत तशी.

मुलगी नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात आली. ड्रॉवरमध्ये पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"मला नको," ती म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या खेपेला धाकटीनं दुधाऐवजी अंडं लावलं. तिसऱ्या खेपेला काट्यानं कडा दाबल्या, इतक्या की चौकोनांवर नांगर फिरल्यासारखा दिसायला लागला. मशीन घरघरायचं, अर्ध्यावर एक बारीक शिट्टी वाजायची, मग पुन्हा घरघर, मग घंटी. ड्रॉवर उघडावा तर पाकिटं उघडी. मुरंब्याचे काळपट डोळे वर लागलेले.

वन्सं भेटायला आल्या तेव्हा त्यांनी आल्या आल्या निकाल दिला.

"तिला आवडत नाहीये."

"काय आवडत नाहीये, वन्सं?"

"तू तिच्या मशीनला हात लावलेला."

"मग जाताना घेऊन जायचं होतं. वॉरंटी होती अजून."

"थट्टा करू नकोस. माझी वहिनी सहनशील होती, पण मनात ठेवायची." वन्संनी एक उघडं पाकीट उचललं, डोळे मिटून चावलं आणि त्यांचा आवाज बदलला. "तीच चव गं. अगदी तीच."

मेलेल्या बाईच्या वतीनं निषेध म्हणून त्या आणखी दोन खाऊन गेल्या.

त्यानंतर धाकटीला स्वयंपाकघरात एकटं राहणं नकोसं व्हायला लागलं. भरदिवसा, खिडकीतून ऊन ओट्यावर पडलेलं असताना, आपल्या मागे कुणीतरी हात पुसत उभं आहे असं वाटायचं. मशीन बंद असतानाही कधीकधी दालचिनीचा वास यायचा. इस्पितळात तिनं काळ्या फिल्मवर कितीतरी माणसांचे सांगाडे पाहिले होते, पण ते सगळे आपापल्या मालकांबरोबर घरी गेले होते. एकदा ओटा पुसताना ती स्वतःच्याही नकळत पुटपुटली, "बाई, सगळं घर तुमचंच आहे. नवराही तुमचाच आहे, मला माहितीये. हे एवढं एक करू द्या." आणि मग आपण फ्रायरशी बोललो हे लक्षात येऊन तिनं तो फडक्यानं पुन्हा एकदा पुसला, जणू त्यासाठीच त्याच्याजवळ गेली होती.

मुलगी निघायच्या आदल्या दुपारी तिनं शेवटची पाकिटं भरली. टोकं दुमडली, दाबली, मशीन सुरू केलं. पाय आपसूक गॅलरीकडे वळले. ते तिनं मागे आणले आणि स्टूल ओढून फ्रायरसमोर बसली. काय व्हायचं ते डोळ्यांदेखत होऊ दे.

घरघर चालू होती. काचेच्या बरण्या किंचित थरथरत होत्या. अर्ध्यावर शिट्टी वाजली, आणि मागून पावलं आली.

तिनं वळून पाहिलं. नवरा होता. हातात काटा होता. तो तिच्याकडे न बघता सरळ पुढे आला, ड्रॉवरचा दांडा धरला, आणि मग ती दिसल्यावर चपापला.

"तू इथेच?"

"तुम्ही काय करताय?"

"टोकं उघडतोय. अर्ध्यावर उघडायची असतात ना."

"कुणी सांगितलं?"

त्यानं काट्याकडे पाहिलं. "तिनं. म्हणजे तेव्हा. शिट्टी झाली की मी यायचो, टोकं वर करायचो. माझं काम असायचं ते."

धाकटीला हसू आलं, रडू आलं आणि थोडा रागही आला, आणि एकाच चेहऱ्यावर तिघांची गर्दी झाली. "अहो, इतके दिवस माझा जीव टांगणीला लावलात! वन्संनी मशीन झपाटलेलं ठरवलं! बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"मला वाटलं तुला हवंय. तूच तर बोलावतेस."

"मी? मी कधी बोलावलं?"

"दर वेळी. शिट्टी झाली की गॅलरीतून हाक मारतेस ना, 'अहो, बघता का?' म्हणून."

"मी नाही मारली हाक," धाकटी म्हणाली. "एकदाही नाही."

मशीन घरघरत राहिलं. दोघंही त्याच्याकडे बघत होते.

"आणि आत्ता?" तिनं अगदी हळू विचारलं.

नवऱ्यानं गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. दोरीवर एकही कपडा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं काहीतरी ठाम मत होतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि ते त्यानं न सांगितलेलंच बरं असंही दिसत होतं.

"आत्ताही आली," तो म्हणाला.

धाकटीच्या मानेवरून गार काहीतरी सरकत गेलं. तरी ती उठली आणि ड्रॉवर आणि नवरा यांच्या मधे जाऊन उभी राहिली. त्याच्या हातातला काटा काढून घेतला. "या वेळी नाही," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते त्यानं विचारलं नाही. घंटी होईपर्यंत दोघं तसेच उभे राहिले, आणि मधे एकदा नवऱ्यानं मान वळवली, कुणीतरी दुसऱ्यांदा बोलावल्यावर वळवावी तशी.

पाकिटं बंद निघाली. सोनेरी, फुगलेली, टोकांवर टोकं नेटकी बसलेली. डबा भरून तिनं मुलीच्या बॅगेशेजारी ठेवला.

सकाळी मुलीनं झाकण उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ही वेगळी आहेत," ती म्हणाली.

"हो. माझी आहेत."

मुलीनं झाकण लावलं. धाकटीला वाटलं, डबा आता ओट्यावर परत जाणार. पण मुलीनं दोन स्वेटर बाहेर काढले, जागा केली आणि डबा बॅगेत आडवा बसवला. गाडी आली, ती गेली. तिच्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं ते कुणी लावलं नाही.

संध्याकाळी धाकटीचा फोन वाजला. नवऱ्याचा नाही, तिचा. या नंबरवर मुलीनं आजवर एकदाही फोन केला नव्हता.

"पोचलीस? सगळं ठीक?"

"हो. खोली बरी आहे. मैत्रिणी पण बऱ्या वाटतायत." मागे वसतिगृहातला गलका ऐकू येत होता. धाकटीनं फोन कानावर इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. "अगं, ऐक ना," मुलगी म्हणाली.

"बोल ना, बाळ."

"ती पाकिटं."

"खाल्लीस?"

"आतून कच्ची होती."