वरची गल्ली

“तुम्हीच ना त्या, घरोघर विचारत फिरणाऱ्या?” दवाखान्यातल्या सिस्टरनी दार अर्धंच उघडलं.

“हो, प्रबंधासाठी. तुमचीही बाजू हवी होती.”

“सगळ्यांचं विचारून झाल्यावर?” सिस्टर म्हणाल्या, पण बाजूला झाल्या.

दारात उभ्या मुलीचा विषय मीमशास्त्र. विनोद, अफवा, ऐकीव गोष्टी एका डोक्यातून दुसऱ्यात कशा शिरतात, वाटेत रूप कसं बदलतात, याचा अभ्यास. “आमची पोर अफवांची डॉक्टर होणार,” मावशी हसायची, “पेशंट कुठून आणणार, देव जाणे.” विद्यापीठात या विषयाचे सर एकटेच उरले होते आणि त्यांच्या हाताखाली ती एकटी. हंगामी नेमणुकीवर वर्षांमागून वर्षं गेल्यावर एक चांगली अफवा हाती लागली होती. सिस्टरनी शिळी लस टोचली आणि खालच्या गल्लीतलं बाळ दगावलं. खरं तर बाळ न्यूमोनियाने गेलं होतं. त्याला लस दिलीच नव्हती.

सिस्टरनी पाणी दिलं. “एक सांगू? हे बोलणं खालच्या गल्लीपुरतं होतं. विरून गेलं असतं. वरच्या गल्लीतल्या बायका तर मला बघून पोरं लसीला पुढे करायच्या. मग तुम्ही तिथे जाऊन विचारलंत, सिस्टरबद्दल काय ऐकलंय म्हणून. तेव्हापासून एक पोर आलं नाही. दवाखान्याने मला घरी बसवलं.”

पेला तिच्या हातात तसाच राहिला. वरच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या होत्या, “नाही बाई, काय ते?” आणि तिने त्यांना नीट समजावून सांगितलं होतं.

सर ऐकून खुर्चीतून उठलेच. “अगं, हाच तर शोध! विचारणाराच वाहक! लिहून काढ. कायमची जागा तुझीच समज.”

“सर, त्यांची नोकरी गेली.”

“मग नाव नको घालूस.”

तिने ते प्रकरण लिहिलं. इतकं चांगलं तिच्या हातून कधी उतरलं नव्हतं. पण नाव न घालताही गल्लीला सिस्टर ओळखू आल्या असत्या. जागेच्या मुलाखतीआधी तिने ते प्रबंधातून काढून टाकलं. उरलेल्यात नवीन काय, असं समितीने विचारलं, तेव्हा तिने फाइल मिटली. जागा दुसऱ्या विभागाकडे गेली. सरांनी तिचा फोन घेणं सोडलं.

प्रकरण काढून टाकल्याचं सिस्टरना सांगावं म्हणून ती गेली, तर घराला कुलूप. शेजारीण केर काढत होती.

“ती होय? गेली सोडून. तुम्हाला माहीत नाही? विद्यापीठातून बाई आली होती चौकशीला. उगाच का कोणी येतं?”

“चौकशी नव्हती ती. मीच आले होते. सिस्टरनी काहीही केलेलं नाही.”

शेजारणीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मग गेली कशाला?”

नुसतं विचारलं तरी अफवा पसरते, हे तिने स्वतःच सिद्ध केलं होतं; नाकारली तरी पसरणारच. तरी ती चढ चढून वरच्या गल्लीत गेली आणि पहिलं दार वाजवलं.

“परत प्रश्न?” आतून आवाज आला.

“नाही. या वेळी सांगायचंय. त्या बाळाला सिस्टरनी लस दिलीच नव्हती.”

बाईने उंबऱ्यातच उभं राहून ऐकून घेतलं, “बरं” म्हणाली आणि कडी लावली. दुसऱ्या घरात कढईचा आवाज चालू होता, त्यात तिचं बोलणं अर्धं बुडालं. तिसरं दार उघडलंच नाही. ती चौथ्याकडे वळली.