पुस्तकाला पाय नसतात

रबराची टोपी बोटातून निघत नव्हती. उजव्या हाताच्या पहिल्या बोटात पेरापर्यंत घट्ट बसलेली, बारीक फोडांची, मूळची केशरी आणि आता चहाच्या डागासारखी झालेली — पानं उलटायला, कार्डं चाळायला घालतात ती. ग्रंथालयात आल्याबरोबर ती बोटात चढवायची आणि संध्याकाळी पर्स उचलताना उतरवायची, ही थोरलीची इतक्या वर्षांची सवय. आज उलटायला पान नव्हतं, चाळायला कार्ड नव्हतं, तरी हातानं आपलं काम केलंच होतं. टेबलाखाली ती अंगठ्यानं टोपी वर ढकलत होती, टोपी हलत नव्हती, आणि समोर पांढऱ्या पडद्याच्या उजेडात अर्धी निळी दिसणारी तिची धाकटी जाऊ, सख्ख्या दिराची बायको, सगळ्यांना सांगत होती की यापुढं वाचक दारात येणार नाही, तो खिडकीत येईल.

खिडकीत येईल म्हणे... चोर येतात खिडकीत.

खिडकी म्हणजे काचेवरची एक चौकट. वाचक घरी बसून तीत प्रश्न लिहिणार, इकडून कुणीतरी उत्तर लिहिणार. तिकडचं माणूस लिहायला लागलं की चौकटीच्या तळाशी तीन टिंबं हलतात, आणि उत्तराला उशीर झाला की चौकट लाल होते. धाकटी हे सगळं हात न हलवता, आवाज न चढवता सांगत होती; मध्येच हसायची, मध्येच थांबून विचारायची, कळलं ना? — आणि विज्ञान ग्रंथालयाचे, कायदा ग्रंथालयाचे, सगळे माना डोलवायचे. माना डोलवणाऱ्यांत थोरलीही होती. मान आपोआप हलली याचा तिला इतका राग आला की पुढची दोन वाक्यं तिनं ऐकलीच नाहीत.

घरात ती थोरली सून म्हणून थोरली, आणि मागून जाऊही इथंच कामाला लागली तेव्हा दोघींना ओळखायचं कसं, म्हणून ग्रंथालयातही थोरल्या बाई आणि धाकट्या बाई. लागली म्हणजे काय — मी लावली. बोट धरून आणली. तेव्हाच्या ग्रंथपालांच्या दाराशी उभी राहून मी सांगितलं की पोरगी शिकलेली आहे, हुशार आहे, माझ्यासारखी अर्ध्यावर शाळा सोडलेली नाही. हे मी माझ्या तोंडानं सांगितलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा कुणी तासला, तर मी.

खोली जुन्या मासिकांची होती. कपाटं गेली होती, पण जमिनीवर त्यांच्या जागा फिकट चौकोनांसारख्या राहिल्या होत्या, आणि थोरलीची खुर्ची नेमकी दोन चौकोनांच्या मधल्या वाटेवर होती, जिथून ती गठ्ठे घेऊन हजारदा गेली असेल. तीन ग्रंथालयांचं एक होणार होतं. तीन काउंटरांच्या जागी दर्शनी भागात एकच टेबल, आणि त्या टेबलामागं एकच खुर्ची — दारातून आलेल्याला आणि खिडकीतून आलेल्याला, दोघांना उत्तर द्यायची. उरलेल्यांनी तळघरात बसून पुस्तकांच्या पाठीवर नव्या पट्ट्या चिकटवायच्या. खुर्ची कुणाची, ते आजचं प्रशिक्षण संपलं की मुख्य ग्रंथपाल ठरवणार होते. आणि मुख्य ग्रंथपाल अलीकडे धाकटीला विचारल्याशिवाय पंखासुद्धा लावत नसत.

तळघराला थोरली भीत नव्हती. उजेड कमी, ओल जास्त, एवढंच ना. पण तिथं कुणी येत नाही. दिवसभर कुणी विचारत नाही, 'बाई, जरा सांगता का'... आणि कुणी विचारलंच नाही, तर माणसानं काय व्हायचं?

मग प्रत्येकाच्या पुढ्यात काचेची एकेक पाटी आली. पाटी हे नाव बाइंडरनं ठेवलं होतं. तो कधीपासून फाटकी पुस्तकं शिवत असे आणि जिभेला त्याच्या टाके नव्हते. थोरलीनं पाटीवर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं, जरा दाबून. शेजारच्यांच्या पाट्यांवर रंग उघडत होते, चौकटी सरकत होत्या, तिची मात्र दगडासारखी काळी. तिनं बोट घासलं, जसं चिकटलेलं पान सोडवताना घासतात.

"थोरल्या बाई, थुंकी लावून बघा," बाइंडर म्हणाला.

सगळे हसले. थोरली म्हणाली, की तुझ्या खळीचा डबा आण, त्यात तुला बुडवून वर ही पाटी चिकटवते, आणि पुन्हा हसले सगळे. पण पहिलं हसू आणि दुसरं हसू यांतला फरक तिला कळत होता. तेवढ्यात धाकटी आली. शेजारी वाकली. तिच्या केसांना घरच्याच साबणाचा वास होता, वर आणि खाली, दोन्ही बिऱ्हाडांत येतो तो, थोरलीच आणते तो.

"मॅडम, बोट उघडं लागतं," ती म्हणाली.

मॅडम! घरी जाऊबाई, अहो जाऊबाई, ऐकलंत का जाऊबाई — आणि इथं मॅडम. आणि मग तिनं काय करावं, तर थोरलीचं बोट आपल्या हातात घेतलं, रबराची कड नखानं उचलली, आत हवा जाऊ दिली, आणि टोपी अलगद उतरवली. लहान मुलाचा मोजा काढावा तशी, सगळ्यांच्या देखत. टोपी पाटीशेजारी ठेवली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. आतलं बोट पांढरं पडलेलं, सुरकुतलेलं, कुणा दुसऱ्याच बाईचं असावं तसं. ते काचेवर टेकताच काच उजळली.

रागवावं तर कशावर? तिनं वाईट केलं नव्हतं. तेच तर दुखत होतं. जिनं वाईट केलं तिच्याशी भांडता येतं, चांगलं वागणारीचं काय करायचं... हेवा करायला शाळा लागत नाही, हे मात्र खरं; तेवढा एक विषय माणूस पोटातून शिकून येतो.

दुपारी डब्याच्या वेळी थोरली मागच्या जिन्याशी असलेल्या बाकावर जाऊन बसली. रोज दोघी तिथंच बसत. आज ती मुद्दाम मधोमध बसली, एका बाजूला पर्स, दुसऱ्या बाजूला डब्याचं झाकण, म्हणजे आली तर तिला जागा नको. कायद्याच्या ग्रंथालयातली कारकून बाई येऊन उभ्यानंच म्हणाली, की नशीबवान आहात, घरातच शिक्षिका. थोरली ताठ होऊन म्हणाली, माझ्याच हाताखाली शिकली ती. म्हणाली, आणि स्वतःच्या कानांनी ऐकलं ते कसं वाजलं. कारकून बाई 'हो ना' म्हणाली — लहान पोराला म्हणतात तसं 'हो ना'.

आणि धाकटी आलीच नाही. काचेतून दिसत होती, मुख्य ग्रंथपालांच्या टेबलाशी, आणि ते स्वतः उठून तिच्या पेल्यात पाणी ओतत होते. इतकी वर्षं या माणसाला थोरलीनं उठताना पाहिलं नव्हतं. अडवून धरलेली जागा तशीच रिकामी राहिली, आणि थोरली मधोमध, कुणी न आलेल्या बाकावर, एखाद्या राणीसारखी... जळो ती राणी.

थोरली लग्न होऊन घरात आली तेव्हा दीर शाळेत जात होता. त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं तिनं लावली, त्याच्या तापात ती जागली. आता काही विचारलं की तो म्हणतो, हिला विचारून सांगतो, वहिनी. मुख्य ग्रंथपालही तेच म्हणतात. सगळं जग हिला विचारून सांगणार आहे. नाकापेक्षा मोती जड, आणि नाक कुणाचं, तर आपलंच, कापताही येत नाही.

पण इथं कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यातली धाकटी... दोन कपाटांच्या मधल्या बोळात, तोंड पुस्तकांकडे करून उभी. एका प्राध्यापकांनी तिला सगळ्यांसमोर झाडली होती. त्यांचं पुस्तक हिनं भलत्याच कप्प्यात लावलं होतं आणि ते मिळत नव्हतं. खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. थोरलीनं तिला खांद्याला धरून वळवली. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणायची तेच म्हणाली, रडतेस काय, पुस्तकाला पाय नसतात, सापडेल. आणि मग, का कोण जाणे, कधी कुणाला म्हटलं नव्हतं ते पुढं म्हणाली — आणि नाहीच सापडलं, तर मी आहे ना इथं. धाकटीनं पदरानं नाक पुसलं होतं. धुळीचा एक पट्टा गालावर तसाच राहिला होता, आणि तो सांगायचं थोरली विसरली, की तिला तो तसाच बरा दिसला...

दुपारनंतर सराव होता. अर्ध्यांनी शेजारच्या खोलीत बसून वाचक व्हायचं, अर्ध्यांनी इथं बसून उत्तरं द्यायची, मग अदलाबदल. नावं नाहीत, नुसते आकडे. कोण कुणाला विचारतंय ते कुणालाच कळायचं नाही. मुख्य ग्रंथपालांनी बजावलं, की तयार उत्तरांची बटणं दिली आहेत ती वापरायची; हातानं लिहीत बसलात तर रांग लागेल, आणि रांग लावणारा माणूस मला दर्शनी टेबलावर नको.

थोरली आधी वाचक झाली, शेजारच्या खोलीत जाऊन बसली. तिनं ठरवून अवघड प्रश्न घातला, सगळ्यांत जुना, सगळ्यांत खरा, ज्यावर भलेभले गांगरतात. उघड्या बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, लाल पुस्तक पाहिजे, नाव आठवत नाही. धाडलं. आता बघू या म्हणून ती मागं टेकते न टेकते तोच चौकटीत उत्तर.

काळजी करू नका. पुस्तकाला पाय नसतात, सापडेल.

धाकटीच आहे पलीकडे, तिला वाटलं. मला ओळखलं हिनं... पण शेजारी बाइंडर आपली पाटी वाचत होता, आणि त्याच्या पाटीवरही पुस्तकाला पाय नव्हते. पलीकडे कारकून बाईच्या पाटीवरही नव्हते. सगळ्या खोलीत, एकेका काचेवर, तेच वाक्य — थोरलीचं, तिच्या घशातलं, तिच्या थकल्या संध्याकाळचं — आणि म्हणणारं कुणी नाही. एका बटणात भरून ठेवलेलं. ज्याला वाटेल त्यानं दाबावं.

मधलं दार उघडं होतं. मुख्य ग्रंथपाल पलीकडे खूश होऊन म्हणत होते की हे वाक्य फार छान आहे, माणसाला धीर येतो, कुठून मिळवलंत?

"घरातलंच आहे, सर," धाकटी म्हणाली.

एवढंच. घरातलंच! थोरलीनं तो शब्द उलटून पाहिला, पालटून पाहिला. नाव घेतलं नाही तिनं. पण स्वतःचंही नाही घेतलं. घरातलं म्हणजे कुणाचं? चोरून नेलं म्हणावं तर घरातली वस्तू घरच्यानं उचलली की तिला चोरी म्हणत नाहीत, हेच तर घराचं जुनं दुखणं आहे. आणि म्हणावं तर कुणाला... आपलेच दात, आपलेच ओठ. या दारातून आत जाऊन सांगू का, सर, ते माझं आहे? आणि ते म्हणतील, हो का, वा, आता बटण दाबायला शिका.

अदलाबदल झाली. थोरली उत्तरांच्या बाजूला येऊन बसली. तिच्या पाटीवर खाली बटणांची ओळ होती आणि तिसऱ्या बटणावर तिच्या वाक्याचे पहिले दोन शब्द, काळजी करू, एवढेच, पुढं जागा नव्हती. पलीकडे एक वाचक कमी पडत होता. मुख्य ग्रंथपाल धाकटीला म्हणाले, तुम्हीच बसा, आणि ती उठून वाचकांच्या खोलीत गेली. जाताना थोरलीच्या टेबलाजवळून गेली. थांबली नाही, पण चाल मंदावली असं वाटलं... वाटलंच असेल.

चौकट उघडली.

माझ्याकडून पुस्तक चुकीच्या कप्प्यात लागलं आहे. आता काय करू?

थोरलीनं वाचलं. पुन्हा वाचलं. मागं मुख्य ग्रंथपालांच्या बुटांचा आवाज येऊन थांबला. त्यांचा श्वास तिच्या डोक्यावरून पाटीवर पडत होता. असा प्रश्न कुणीही विचारील. विद्यार्थी विचारतील, सरावात कुणालाही सुचेल, बाइंडरलासुद्धा. पण 'लागलं आहे'... लावलं नाही, लागलं. तिची बोलायची तऱ्हा आहे ही. दूध उतू गेलं तरी म्हणते, गेलं आहे. की मीच तिला सगळीकडे बघते आहे, दळण दळावं तशी, सकाळपासून?

चौकटीची कड गुलाबी व्हायला लागली. बटण दाबलं नाही तर तळघर. दाबलं, तर आपलंच वाक्य हिच्या हातचं म्हणून घ्यायचं, वाढून दिल्यासारखं. टोपी सकाळच्या टेबलावर राहिली होती. तिनं उघडं, पांढरं बोट तिसऱ्या बटणावर टेकवलं, आणि ते वाक्य गेलं सुद्धा, एकही चूक न करता, तिनं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं इतकं नीट. मुख्य ग्रंथपाल 'उत्तम' म्हणाले. बूट पुढं गेले.

ती वाक्याकडे बघत राहिली. ते 'सापडेल'पाशी संपत होतं. पुढं काही नव्हतं.

पुढचं धाकटीनं घेतलं नव्हतं बटणात. ते एक, जे फक्त त्या बोळात म्हटलं गेलं... विसरली? इतकं लक्षात राहणारी बाई, साबणाच्या वडीचा भाव न विसरणारी, अर्धंच विसरली? की बटणात मावलं नाही? की सगळ्यांना वाटून टाकलं आणि तेवढं स्वतःपाशी ठेवून घेतलं — कुणाला दाबू न देता? आणि ठेवून घेतलं असेल, तर इतकी वर्षं तिच्यापाशी माझं असं काहीतरी आहे की जे माझ्यापाशी नाही, जे मी पुन्हा कुणाला म्हटलंच नाही... थोरलीला हेव्याचा तोच जुना निखारा जाणवला. पण आता तो कुणावर धरावा, हे तिला कळेना. खुर्चीवर नाही. पाण्याच्या पेल्यावर नाही. त्या बोळात उभ्या असलेल्या, कुणीतरी खांद्याला धरून वळवलेल्या त्या पोरीवर बहुतेक. मला कुणी वळवलं नाही.

बोट अक्षरं शोधू लागलं. आ. मग णि. हातानं लिहू नका म्हणाले होते. बूट खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते.

तेवढ्यात चौकटीच्या तळाशी तीन टिंबं हलली. पलीकडचं माणूस लिहीत होतं.

थोरली थांबली. टिंबंही थांबली. तिनं पुढचं अक्षर लावलं, टिंबं पुन्हा हलली, आणि पुन्हा दोन्हीकडचं थांबलं — दारात समोरासमोर आलेल्या दोन बायका आधी तू, आधी तुम्ही करतात तसं. मधल्या भिंतीकडे तिनं पाहिलं नाही. काचेच्या उजेडात तिचं बोट कोवळं दिसत होतं, आणि चौकटीत न धाडलेलं एवढंच उभं होतं, आणि नाहीच...