बारदानाचे दोन किलो

यांना आफ्रिकेतल्या शाळेत मास्तरकी मिळाली, तेव्हा तिथल्या एका ओळखीच्या गुरुजींचं पत्र आलं. शाळा गावापासून चार मैलांवर आहे, सायकल इथं फार महाग, जमलं तर घेऊनच या. म्हणून आमची चोवीस इंची सायकल विमानानं जायची ठरली. लग्नात माझ्या वडिलांनी दिलेली.

आमच्या कोल्हारात विमान जवळून कुणी पाहिलेलं नव्हतं. सासूबाईंना वाटलं, लेक सायकलवर बसूनच विमानात शिरणार. "दारात उतर बाबा," त्या म्हणाल्या, "न्हाईतर पडशील."

सामान वीस किलोच नेता येणार होतं. स्टँड, मडगार्ड, घंटी घरी ठेवली. कपडे हातातल्या पिशवीत. पण पुढच्या दांडीवरची मनीची बैठक मी काढू दिली नाही. आमची मनकर्णा दोन वर्षांची. तिच्यासाठी लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेली ती बैठक, जाड लोखंडाची, पाय ठेवायला दोन कड्या असलेली. परमुलखात अशी कोण करून देणार?

"दिवाळीनंतर तुम्हाला बोलावतो," हे सगळ्यांना सांगत. मनीला मांडीवर घेऊन मलाही सांगत. त्या एका वाक्यावर मी श्रावण काढला.

दोन बारदानं उसवून मी सायकलीभोवती दाभणानं शिवली. पुंजारामशेठच्या अडतीवर नेऊन ती काट्यावर ठेवली. बन्सी हमालानं वजन बघितलं आणि म्हणाला, "बरोबर वीस. जावा मास्तर बिनघोर. इमानाला काय व्हत न्हाई."

यांना पोचवायला मनीला घेऊन मीही मुंबईला गेले. विमानतळावरच्या काट्यावर सायकल बावीस भरली.

"दोन किलो जादा आहे," तिथला कारकून म्हणाला.

"असं कसं? आमच्याकडं वीस भरली होती." यांच्या अंगावर लग्नातला कोट, त्यात दोन सदरे. घाम कपाळावरून ओघळत होता.

घोळ माझ्या ध्यानात आला. बन्सी रोज धान्याच्या पोत्यामागं बारदानाचा एक किलो कापतो. आमची दोन पोती, त्यानं सवयीनं दोन किलो कापले. ज्वारी धरून सायकल मोजली.

जादा वजनाचे पैसे भरणं परवडणारं नव्हतं. हे तिथंच फरशीवर बसले, चाकूनं माझी शिवण उसवली, पिशवीतला पान्हा काढला आणि थेट मनीच्या बैठकीच्या नटाला लावला. दुसरं काही काढता येईल का, म्हणून बघितलंसुद्धा नाही.

"कॅरिअर काढा ना," मी म्हणाले. "तेवढंच भरेल ते."

"मग वह्या कशावर नेऊ?"

"आणि पोरीला?"

नट गंजला होता. ते जोर लावत राहिले. माझ्याकडं मान वळवली नाही. कडेवर मनी पेंगत होती. तिची लाळ माझ्या खांद्यावर गरम लागत होती.

बैठक निघाली, सायकल वीस भरली. कारकुनाला माझी दया आली असावी. "असू द्या बाई," तो म्हणाला, "मागून निघाल तेव्हा ही तुमच्या सामानात न्या. कधी निघताय?"

उत्तर मला पाठ होतं. पण ते यांनी द्यावं म्हणून मी यांच्याकडं बघितलं.

"बघू," हे म्हणाले.

एवढंच. कारकुनानं मान खाली घालून चिठ्ठी चिकटवली. मी माझ्या पिशवीतलं दाभण आणि सुतळी काढली. बारदान उसवलेलं होतं, तसं कसं जाणार? मनीला फरशीवर निजवलं आणि पुन्हा शिवायला बसले. टाके जवळजवळ घातले. वाटेत काही सांडू नये.

"पोचलो की पत्र टाकतो," हे म्हणाले.

मी सुतळी दातानं तोडली.

"वह्या नीट बांधत जा," म्हटलं. "चार मैल आहेत."